इतवारीच्या गोदामातला अँप्लिफायर: ७४० व्होल्टला टिकणारे आउटपुट व्हॉल्व्ह निवडताना

पार्श्वभूमी

नागपुरात मंडप, खुर्च्या, भांडी आणि भोंगे भाड्याने देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. इतवारीतल्या अशाच एका जुन्या बिछायत केंद्राच्या गोदामात, सतरंज्यांच्या थप्पीमागे, राखाडी रंगाचा एक लोखंडी खोका वीसेक वर्षं पडून होता. दोन्ही बाजूंना उचलायच्या कड्या, पुढे चार माइकच्या जागा आणि पाटीवर १०० वॅट. वजन एवढं की एकट्याने उचलणाऱ्याची कंबर धरते. मालकांच्या वडिलांनी हा अँप्लिफायर लग्नं, कीर्तनं, प्रचारसभा असा सगळीकडे फिरवला होता. पुढे ट्रान्झिस्टरचे हलके अँप्लिफायर आले आणि हा गोदामात गेला.

गल्लीतल्या गणेश मंडळाचं पन्नासावं वर्ष होतं. पहिल्या वर्षी वाजलेला अँप्लिफायर आणि तेच भोंगे या वर्षी लावायचे, असं मालकांच्या पुतण्याच्या मनात आलं. मालकांनाही ते भावलं. एप्रिलमध्ये त्यांनी ओळखीच्या एका मिस्त्रींना बोलावलं. मी यात आलो तो मे महिन्यात, एक जोडी व्हॉल्व्ह जळाल्यावर. नावं, दुकानाची खूण आणि अँप्लिफायरची बनावट मी मुद्दाम सांगत नाही. आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत.

यंत्राबद्दल थोडं. व्हॉल्व्ह म्हणजेच ट्यूब, हवा काढलेली काचेची बाटली. फिलामेंटने तापलेल्या कॅथोडमधून निघालेला प्रवाह प्लेटकडे जातो, मधली ग्रिड सिग्नलप्रमाणे तो कमी-जास्त करते आणि स्क्रीन ही तिच्यापुढची दुसरी जाळी. ग्रिडवर ठेवलेलं उणे व्होल्टेज म्हणजे बायस, सिग्नल नसतानाचा प्रवाह तो ठरवतो. आउटपुटला दोन ईएल३४. हा व्हॉल्व्ह फिलिप्सचा, १९५०च्या दशकापासून जगभर चाललेला. बहुतेकांना तो घरगुती हाय-फाय किंवा गिटारच्या अँप्लिफायरमधला म्हणून माहीत असतो आणि तिथे त्याच्या प्लेटवर ४००-४५० व्होल्ट असतात. फिलिप्सच्याच माहितीपत्रकात दुसरीही एक मांडणी दिलेली आहे. प्लेटला ८०० व्होल्टच्या आसपास, स्क्रीनला ४००, दोन प्लेटांमधला भार ११ किलोओहम, बायस उणे ३९ व्होल्ट. सिग्नल नसताना प्रत्येकी २५ मिलिअँपिअर, पूर्ण सिग्नलला ९१. एवढ्यावर दोनच व्हॉल्व्ह १०० वॅट देतात. आपल्याकडच्या सभा-समारंभांच्या अँप्लिफायरना ही मांडणी सोयीची होती, कारण चारऐवजी दोन व्हॉल्व्हांत काम भागायचं. गोदामातला खोका त्याच घराण्यातला निघाला. ट्रान्सफॉर्मरच्या एकाच वाइंडिंगवर व्होल्टेज दुप्पट करणारा डबलर, एकावर एक रचलेले दोन मोठे कपॅसिटर, वरच्या टोकाला प्लेटचं व्होल्टेज आणि मधल्या सांध्यावर त्याच्या निम्मं, म्हणजे स्क्रीनचं.

ईएल३४साठी प्लेटची कमाल मर्यादा आहे ८०० व्होल्ट आणि उष्णतेची २५ वॅट. पुढचं सगळं प्रकरण या दोन आकड्यांभोवती फिरलं.

अडचण

मिस्त्रींनी गोदामातले जुने व्हॉल्व्ह काढले. एकाच्या माथ्यावरची चंदेरी झाक दुधासारखी पांढरी पडली होती, म्हणजे काचेतून हवा आत शिरलेली. तो गेलाच होता. ऑनलाइन मागवलेली, बऱ्यापैकी स्वस्त अशी नवी जोडी त्यांनी लावली, बायस ‘४० मिलिअँपिअरच्या हिशेबाने’ फिरवला आणि गाणं सुरू केलं. वीस मिनिटांत उजवीकडच्या व्हॉल्व्हची प्लेट लोहाराच्या भट्टीतल्या पट्टीसारखी लाल झाली, स्क्रीनचा रेझिस्टर जळाला आणि खोक्यातून धूर आला.

मालकांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: “भाऊ, नव्या मालात दमच नाही राहिला. जुनी ट्यूब तीस वर्सं चालली, हे वीस मिनिटात गेली. तुम्ही आम्हाले जुनीच पाहून द्या कुठून तरी.”

म्हणजे मला विचारलेला प्रश्न होता ‘कोणत्या कंपनीची ट्यूब घ्यावी’ हा. पुतण्याचा प्रश्न वेगळा होता. त्याने कुठेतरी वाचलं होतं की केटी८८ लावला की आवाज वाढतो, तर तोच का लावू नये? मिस्त्रींचं म्हणणं तिसरंच: ८०७ शोधा, तो या कामाचा बैल आहे. मालकांच्या धाकट्या भावाचं मत सगळ्यांत सोपं होतं. भंगारात घाला, नवा डिजिटल घ्या.

आधी काय तपासलं

जोडी जळाली तेव्हा बाकीचं यंत्र कोणत्या अवस्थेत होतं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. म्हणून व्हॉल्व्ह निवडण्याआधी मी दोन दिवस रिकाम्या खोक्यावर घालवले. मागे वळून पाहता या कामातला सर्वांत उपयोगी निर्णय तोच होता.

आउटपुटचे दोन्ही व्हॉल्व्ह काढून ठेवले आणि डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर, हळूहळू व्होल्टेज चढवलं. सोबत १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे आत काही शॉर्ट असलं तर प्रवाह आवरला जातो. (हा बल्ब आता सहज मिळत नाही. मी चार जपून ठेवले आहेत.) मग सॉकेटच्या पाच नंबरच्या पायावर, म्हणजे ग्रिडवर, बायस मोजला. डावीकडे उणे २७, उजवीकडे उणे १४. दोन्ही बाजू सारख्या हव्यात आणि उणे ३५च्या पुढे हव्यात.

दोन वेगळे दोष एकमेकांवर चढले होते. बायसच्या पुरवठ्यातला ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकून ३ मायक्रोफॅरडवर आला होता, त्यामुळे बायस मुळातच अपुरा. शिवाय उजवीकडचा कपलिंग कपॅसिटर गळका होता. आधीच्या टप्प्यातलं धन व्होल्टेज त्यातून झिरपून ग्रिडला वर खेचत होतं. अशा सॉकेटमध्ये कोणत्याही देशाचा, कोणत्याही सालचा व्हॉल्व्ह लावला असता तरी तो लालच झाला असता.

आणखी सापडलेल्या गोष्टी: एचटीच्या, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या, फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याची तार गुंडाळलेली. उजव्या सॉकेटमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पायांमध्ये बेकलाइटवर तपकिरी रेघ. तीन नंबरवर प्लेटचे सातशेच्या वर व्होल्ट, शेजारी दोन नंबरवर फिलामेंट, म्हणजे जवळपास शून्य व्होल्ट. कधीतरी भोंग्याची तार सुटलेली असताना यंत्र चालवलं गेलं असणार. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज उसळतं आणि ते इथेच ठिणगी टाकतं. एकदा बेकलाइट जळून कोळसा झाला की ती वाट कायमची. खरवडून, स्पिरिटने पुसून भागत नाही. सॉकेट बदलायचा.

इथे मोजमापाबद्दल एक गोष्ट थांबून सांगतो, कारण तिच्यात जीव जाऊ शकतो. पुतण्याकडे बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मोदी नंबरच्या गल्लीतून आणलेला मीटर होता. पडद्यावर १००० व्होल्टपर्यंतची पट्टी, पण तारांवर बारीक अक्षरात ६०० लिहिलेलं. त्या तारा हातात धरून मी ७४० व्होल्ट मोजणार नव्हतो. डबलरचा मधला सांधा मोजला, ३७० आले, दुप्पट केले. यंत्र बंद केल्यावरही त्या दोन कपॅसिटरमध्ये १३-१४ ज्यूल ऊर्जा बसून असते. ती रेझिस्टरने उतरवायची, मग मीटरने खात्री करायची, आणि डावा हात खिशात. पुतण्याला हे आधी अति वाटलं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून दाखवणारे मिस्त्री त्यानेही पाहिलेत. त्या ठिणगीचा आवाज एकदा ऐकवल्यावर तोही हात खिशात घालायला लागला.

पर्याय

यंत्राची दुरुस्ती कागदावर स्पष्ट झाली. मग व्हॉल्व्हकडे वळलो.

केटी८८चा विचार मी प्रामाणिकपणे केला, कारण वरवर पाहता तो बसतो. १९५६चा इंग्लिश व्हॉल्व्ह, प्लेटची मर्यादा ८०० व्होल्ट, उष्णता सहन करण्याची ताकद ईएल३४च्या दीडपट, पाय तेच. फिलामेंटला १.५ऐवजी १.६ अँपिअर लागतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर फारसा बोजा नाही. अडचणी दोन. त्याला बायस आणखी दहा-बारा व्होल्ट उणे लागतो आणि ग्रिडवर सिग्नलही तेवढाच मोठा हवा. या यंत्राचा आधीचा टप्पा तो देऊ शकत नव्हता. दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. वॅट ठरतात ते प्लेटच्या व्होल्टेजवर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरने दाखवलेल्या ११ किलोओहमवर. ते दोन्ही तसेच ठेवून बाटली जाड केली तर आवाज वाढत नाही, फक्त बिल वाढतं. पुतण्याला हे पटायला वेळ लागला. कागदावर गणित करून दाखवलं तेव्हा पटलं.

६५५० आणि ६एल६जीसी हे दोन्ही व्हॉल्व्ह एका आकड्यावर बाद झाले. पहिल्याची प्लेटची मर्यादा ६०० व्होल्टच्या आसपास, दुसऱ्याची ५००. ६५५०ची आणखी एक गोम लोक विसरतात: स्थिर बायसवर त्याच्या ग्रिडचा रेझिस्टर ५० किलोओहमच्या आत लागतो. ईएल३४ला ५०० किलोओहमपर्यंत चालतो. या यंत्रात २२० होता. तिथे ६५५० लावला तर ग्रिडचा बारीकसा गळका प्रवाहही बायस हलवायला पुरतो.

मिस्त्रींचा ८०७ हा मला मनापासून आवडणारा व्हॉल्व्ह. माथ्यावर टोपी, प्लेटची तार वरून, त्यामुळे सॉकेटमध्ये ठिणगीचा प्रश्नच नाही. त्याला उंच व्होल्टेजची सवय आहे. पण त्याचा पाया पाच पायांचा. म्हणजे चासीला नवी भोकं, नवी वायरिंग आणि त्याला मानवेल असं स्क्रीनचं व्होल्टेज वेगळं काढायचं. पन्नासाव्या वर्षासाठी ‘तेच यंत्र’ लावायचं होतं. भोकं पाडल्यावर ते तेच राहिलं नसतं. मिस्त्रींनीही हे लगेच मान्य केलं. “तुमचं बरोबर आहे जी, मीच वेगळ्या मशीनचं सांगून राहिलो होतो,” असं म्हणाले.

मग उरला ईएल३४च. प्रश्न कोणता, एवढाच.

मालकांच्या मनासारखा पर्याय म्हणजे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह. आपल्याकडच्या रेडिओ मिस्त्रींच्या पिढ्या ‘बेल’च्या व्हॉल्व्हवर वाढल्या. बर्डीतल्या एका निवृत्त रेडिओवाल्यांकडे दोन निघाले, खोके नसलेले, कागदात गुंडाळलेले. त्यांनी पैसे न घेता तपासायला दिले. दुरुस्त झालेल्या यंत्रात, कमी व्होल्टेजवर, एकाच बायसवर लावून पाहिले तर एक २४ मिलिअँपिअर ओढत होता आणि दुसरा ११. पहिला उत्तम, दुसरा थकलेला. नव्या-जुन्याची ओळख पटवायला आमच्याकडे व्हॉल्व्ह टेस्टर नव्हता, यंत्रच टेस्टर. जुन्या मालाचा खरा धोका हाच आहे: ‘न वापरलेला’ हा शब्द विकणाऱ्याचा असतो आणि मीटर आपला असतो.

नव्या उत्पादनात रशियातल्या सारातोवचे, चीनमधले आणि स्लोव्हाकियातल्या चादत्साचे असे तीन झरे. रशियन मालाची आवक २०२२ नंतर बेभरवशाची झाली होती. आज जोडी मिळाली तरी उद्या एक गेला तर तसाच मिळेल का, हे सांगता येत नव्हतं. एप्रिलमध्ये जळालेल्या जोडीवर बनवणाऱ्याचं नाव स्पष्ट नव्हतं आणि दोष तिचा होता असं मी म्हणणारही नाही. पण तिची चौकशी करायला कोणी जबाबदार माणूसच नव्हता, हा तिचा दोष नक्की.

निवड

मी स्लोव्हाकियाचा माल सुचवला. कारण आवाजाशी संबंधित नव्हतं. कारखाना चालू आहे, माहितीपत्रकात ८०० व्होल्ट लिहून देतो आणि भारतात विक्रेता फोन उचलतो.

विक्रेत्याला मी दोन प्रश्न विचारले. जोडी जुळवताना प्लेटला किती व्होल्ट दिले होते? आणि ७००च्या वर चालवून पाहिलेत का? पहिल्याचं उत्तर आलं, चारशेच्या आसपास. दुसऱ्याचं उत्तर आलं नाही. चारशेला जुळलेली जोडी साडेसातशेला जुळलेलीच राहील याची खात्री नसते, हे मला माहीत होतं. तरी मी जोडीच मागवली, तीन किंवा चार नग नाही. साडेआठ हजार रुपये आधीच मालकांच्या कपाळावर आठी आणत होते आणि मला आणखी आठी नको होती. हा भिडेचा निर्णय होता आणि तो चुकीचा होता.

काय केलं

नवे कपलिंग कपॅसिटर, नवा बायसचा पुरवठा, स्क्रीनला १ किलोओहम ५ वॅटचे रेझिस्टर, सिरॅमिकचे सॉकेट, फ्यूजच्या जागी फ्यूज. ईएल३४च्या एक नंबरच्या पायावर सप्रेसर ग्रिड असते. ती आठ नंबरच्या कॅथोडला जोडलेली आहे ना, हे सॉकेट बदलताना दोनदा पाहिलं, कारण ६एल६ किंवा केटी८८साठी बनवलेल्या वायरिंगमध्ये तो पाय मोकळा सुटलेला असतो. प्रत्येक कॅथोडला एक ओहमचा रेझिस्टर टाकला, म्हणजे त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. त्यातले तीनेक स्क्रीनचे असतात, ते वजा करायचे.

तपासताना भोंग्यांच्या जागी लावायच्या भाराची अडचण मजेशीर रीतीने सुटली. भोंग्यांच्या १०० व्होल्टच्या लाइनवर १०० वॅट म्हणजे १०० ओहम. एवढ्या ताकदीचा रेझिस्टर नागपुरात शोधत बसण्यापेक्षा मालकांच्या घरातली ५०० वॅटची जुनी शेगडी आणली. २३०चा वर्ग भागिले ५०० म्हणजे १०६ ओहम. शेगडीवर गाणं वाजवलं. ऐकू काही येत नाही, कॉइल कोमट होते. काकूंना हा प्रकार अजिबात आवडला नाही.

आता बायस. मिस्त्रींचे ४० मिलिअँपिअर कुठून आले ते कळायला हवं, कारण ते पूर्ण चूक नव्हते. ४०० व्होल्टच्या यंत्रात ४० म्हणजे १६ वॅट, सुखरूप. ७४०ला तेच ४० म्हणजे २९.६ वॅट, मर्यादा २५. मिलिअँपिअरचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. शेजारी व्होल्ट लिहिल्याशिवाय तो लिहूच नये.

मी मे महिन्यातल्या एका दुपारी दोनला बायस लावला. प्लेट ७४०, एक व्हॉल्व्ह २५ मिलिअँपिअर, दुसरा २८. यंत्रात बायसचा एकच स्क्रू होता, त्यामुळे जोडीतला हा फरक मिटवता येईना. म्हणजे १८.५ आणि २०.७ वॅट. मर्यादेच्या थोडं खाली. चालतंय म्हटलं आणि पुतण्याला सांगितलं, संध्याकाळी शेगडीवर दोन-तीन तास चालू दे, समोरून हलू नकोस.

मे महिन्यातली चूक

रात्री साडेनऊला फोन. “दादा, उजव्या हातची ट्यूब लाल होऊन राहिली. बंद करू काय?”

“विचारू नको, आधी बंद कर.”

त्याने केलं. मी रात्री तिथे पोहोचलो. यंत्र थंड झालं होतं. डिमरस्टॅटवर पुन्हा चढवताना सवयीने भिंतीच्या प्लगमध्ये मीटर घातला आणि चूक समोर आली. २४३ व्होल्ट. दुपारी बायस लावताना वहीत लिहिलं होतं: २१२.

मे महिन्यात नागपुरात दुपारी पारा ४५च्या घरात, प्रत्येक खिडकीत कूलर, बाजारातल्या प्रत्येक दुकानात एसी. इतवारीतल्या त्या फीडरवर दुपारी व्होल्टेज पडतं आणि दुकानांची शटरं खाली आली की चढतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या घरचा पंखाही रात्री जोरात फिरतो. पण बायस लावताना ते डोक्यात नव्हतं.

‘बायस त्याच ट्रान्सफॉर्मरमधून येतो, व्होल्टेज वाढलं तर तोही वाढतो, म्हणजे आपोआप सांभाळलं जातं’ असं अनेक जण समजतात. मीही मनात तेच धरून होतो. ते अर्धंच खरं आहे. सगळी व्होल्टेजं सारख्या प्रमाणात वाढली तर प्रवाह त्या प्रमाणाच्या दीडाव्या घाताने वाढतो. २४३ भागिले २१२ म्हणजे १.१५ पट. प्रवाह सव्वा पटीच्या जवळ. प्लेटचं व्होल्टेज स्वतः १.१५ पट. गुणाकार केला की उष्णता १.४ पट. माझे २८ मिलिअँपिअर रात्री ३४ झाले होते, ७४०चे ८४८ व्होल्ट झाले होते, आणि २०.७ वॅटचे २९. प्लेट लाल झाली ते बरोबरच होतं. व्होल्टेजचीही ८०० ही मर्यादा मीच ओलांडली होती. दोन कपॅसिटर प्रत्येकी ४५०चे होते म्हणून तेवढे वाचले. फिलामेंटवर ६.३च्या जागी जवळजवळ ७ व्होल्ट.

ट्रान्सफॉर्मरच्या मागे २००, २२० आणि २४० असे तीन टॅप होते, म्हणजे भिंतीच्या व्होल्टेजप्रमाणे तार जोडायच्या जागा. आपल्याकडच्या जुन्या यंत्रांना ते उगाच दिलेले नसायचे. तार २२०वर होती, बहुधा मालकांच्या वडिलांच्या काळापासून. मी सॉकेटपासून कपॅसिटरपर्यंत सगळं तपासलं आणि ती एक तार पाहूनही पुढे गेलो.

तार २४०वर नेली. पण मग दुपारी २१२ला फिलामेंट ५.६ व्होल्टवर येत होतं, म्हणजे ६.३पेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली, कॅथोडसाठी वाईट. मार्ग गोदामातच होता. बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनचा सर्व्हो स्टॅबिलायझर कोपऱ्यात उभा होता, २३०ला बांधलेला. तो जोडला. प्लेट ७३६, फिलामेंट ६.०४. बायसचे दोन वेगवेगळे स्क्रू केले आणि दोन्ही व्हॉल्व्ह २३ मिलिअँपिअरवर आणले, प्रत्येकी १७ वॅट. ग्रिडवर उणे ३६च्या आगेमागे व्होल्ट आले, फिलिप्सच्या आकड्यांना धरून. लाल झालेला व्हॉल्व्ह वाचला होता. मिनिटभराच्या आत बंद झाला म्हणून. श्रेय पुतण्याचं.

निकाल

शेगडीवर जास्तीत जास्त ९२ व्होल्ट स्वच्छ मिळाले, म्हणजे सुमारे ८० वॅट. पाटीवर १०० आहे. मालकांनी विचारलं, बाकीचे कुठे गेले? मी म्हटलं, ते व्हॉल्व्हच्या आयुष्यात जमा केले. हसले.

गणेशोत्सवात दहा दिवस चार भोंगे चालले, रात्री दहाला बंद. रोज सुरू करताना आणि बंद करताना पुतण्याने तीन आकडे वहीत लिहिले: भिंतीचं व्होल्टेज, डावा, उजवा. पहिल्या दिवशी २३-२३, शेवटच्या दिवशी २३-२६. सातव्या दिवशी पावसात एका भोंग्याची तार मंडपाच्या बल्लीवर घासून तुटली, पण बाकीचे तीन जोडलेले होते म्हणून भार पूर्ण सुटला नाही. आवाजाबद्दल लिहायचं तर भोंग्यातून जे येतं ते भोंग्यासारखंच येतं. म्हाताऱ्या मंडळींनी ‘हाच तो आवाज’ म्हटलं. धाकटे भाऊ अजूनही म्हणतात की या पैशात नवा आला असता, आणि हिशेबाने ते खोटं नाही.

आज केलं तर

भिंतीचं व्होल्टेज आधी. चोवीस तास, दर दोन तासांनी, यंत्राला हात लावण्यापूर्वी. बायस लावायचा तो सर्वांत चढ्या व्होल्टेजच्या वेळी. मग बाकीच्या वेळी तो आपोआप सुरक्षित बाजूला राहतो.

दोनऐवजी चार नग मागवीन आणि जोडी याच यंत्रात, याच व्होल्टेजवर लावीन. २५ आणि २८च्या फरकावर मी ‘चालतंय’ म्हटलं, तिथे थांबायला हवं होतं. २३-२६चा नवा फरक का पडला हे अजून पक्कं कळलेलं नाही. व्हॉल्व्ह बसतोय की उजवीकडे पुन्हा काही गळतंय, हे दोन व्हॉल्व्ह अदलाबदल करून पाहिलं की कळेल. आकडा व्हॉल्व्हबरोबर गेला तर व्हॉल्व्ह, सॉकेटपाशी राहिला तर यंत्र. दिवाळीनंतर करायचं ठरलं आहे.

मिस्त्रींशी पहिल्याच दिवशी बसायला हवं होतं. त्यांचे ४० मिलिअँपिअर मी मनात चूक म्हणून टाकून दिले. ते कुठल्या यंत्रावरून आले हे विचारलं असतं तर दोन दिवस वाचले असते. त्यांनीच नंतर सांगितलं की या खोक्याला पूर्वी उन्हाळ्यात एका टॅपवर आणि हिवाळ्यात दुसऱ्या टॅपवर ठेवत. मालकांच्या वडिलांची ती पद्धत होती. खोक्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलने लिहिलेलंही आहे. मी झाकण काढून भिंतीला उलटं टेकवून ठेवलं होतं.

‘बेल’चा तो २४ मिलिअँपिअरवाला एकटा व्हॉल्व्ह रेडिओवाल्यांनी परत घेतला नाही. तो आता झाकणाच्या आत, त्या पेन्सिलच्या ओळीखाली, सुती कापडात बांधून ठेवला आहे. त्याच्या चिकटपट्टीवर पुतण्याने मिलिअँपिअरबरोबर व्होल्टही लिहिले आहेत.